वाकवलेली अ‍ॅल्युमिनियमची पट्टी सरळ करताना तुटली. असं का झालं असेल?

मोजपट्टी

दुर्बिणीचा स्टँड बनवतोय. फाइंडर (दुर्बीण रोखायला लावतात ती छोटी दुर्बीण) धरायला एक हात हवा होता, म्हणून ३ मिमी जाड आणि २५ मिमी रुंद अ‍ॅल्युमिनियमची पट्टी व्हाइसमध्ये पकडून लाकडी हातोड्याने काटकोनात वाकवली. घडी छान बसली. बाहेरच्या अंगाला बारीक रेघा दिसत होत्या, तिकडे मी लक्ष दिलं नाही. नंतर कळलं की खूण एक सेंटिमीटर चुकली होती. म्हणून पट्टी परत सरळ करायला घेतली. अर्ध्यावर आली आणि टक् करून दोन तुकडे हातात आले.

माझ्याकडे त्याच मापाची आणखी एक पट्टी आहे. ती तारेसारखी वाकते. पाच-सहा वेळा इकडून तिकडे केली तरी तुटली नाही. रंग तोच, वजन तेच. मग दोघींच्या वागण्यात एवढा फरक कसा?

अजून एक. पट्टीच्या टोकाला वजन आलं की ती लवते. याहून कडक ग्रेड घेतली तर लवणं कमी होईल का?

ऐरण

तुटलेल्या पट्टीवर कुठे काही छापलंय का? चार आकडे, मग एक आडवी रेघ, मग एखादं अक्षर आणि आकडा.

आणि तुकडे टाकून देऊ नका. भिंग घेऊन बघा, चीर घडीच्या बाहेरून आत गेलीय की आतून बाहेर आलीय. रेघा बाहेर होत्या म्हणून सुरुवात बाहेरूनच झाली असेल, असं धरून चालू नका.

मोजपट्टी

छापलंय: ६०६१-टी६. दुसरीवर काहीच नाही.

भिंगातून पाहिलं. बाहेरच्या रेघा अगदी वरवरच्या आहेत. तुटायला सुरुवात आतल्या कोपऱ्यातून झालेली दिसते. तिथे बारीक चुण्या पडल्यात, जाड कापड दुमडलं की आतून पडतात तशा. व्हाइसच्या जबड्याची धार मोजली, साधारण ४ मिमी त्रिज्येची गोलाई आहे.

ऐरण

मग गोष्ट बरीचशी उलगडली.

६०६१ हे मिश्रधातूचं नाव, म्हणजे अ‍ॅल्युमिनियममध्ये थोडं मॅग्नेशियम आणि सिलिकॉन. रेघेनंतरचं अक्षर सांगतं की त्या धातूवर पुढे काय संस्कार झालेत. त्याला टेंपर म्हणतात. 'ओ' म्हणजे भट्टीत पूर्ण मऊ केलेला. 'एच' म्हणजे थंड अवस्थेत लाटून किंवा ओढून घट्ट केलेला. 'टी' म्हणजे उष्णतेची प्रक्रिया करून कडक केलेला. हेच ६०६१ 'ओ' अवस्थेत सुमारे ५५ मेगापास्कलला (दर चौरस मिलिमीटरवर येणारा जोर मोजायचं एकक) कायमचं वाकायला लागतं. 'टी६' अवस्थेत तोच आकडा २७५ च्या आसपास जातो. रासायनिक घटक तेच, रंग-वजन तेच, ताकद पाचपट. म्हणून डोळ्यांनी बघून अ‍ॅल्युमिनियम ओळखता येत नाही. तुमची बिनछापाची पट्टी एकतर शुद्ध अ‍ॅल्युमिनियमच्या जवळची असेल किंवा मऊ टेंपरची.

आता घडीचा हिशेब करू. पट्टी वाकते तेव्हा बाहेरचा थर ताणला जातो, आतला दाबला जातो आणि मधला साधारण आहे तेवढाच राहतो. ३ मिमीच्या पट्टीत मधला थर पृष्ठभागापासून दीड मिमीवर. आतली त्रिज्या ४ मिमी, म्हणजे मधल्या थराची त्रिज्या साडेपाच. दीड भागिले साडेपाच करा, सुमारे २७ टक्के येतात. बाहेरचा थर एवढा ताणला गेला. ताण-चाचणीत ६०६१-टी६ चा तुकडा तुटेपर्यंत साधारण १२ ते १७ टक्के लांबतो. घडीच्या ठिकाणी धातू त्याहून थोडं जास्त सोसतो, पण तुम्ही त्याला अगदी काठावर नेऊन ठेवलं होतं. बाहेरच्या रेघा हेच सांगत होत्या.

आणि त्याच वेळी आतला थर तेवढाच दाबला जाऊन त्याला चुण्या पडल्या. तुम्ही पट्टी सरळ करायला घेतलीत तेव्हा भूमिका उलटल्या. बाहेरचा थर दाबाखाली गेला आणि आतला, चुण्या पडलेला थर ताणला जाऊ लागला. प्रत्येक चुणी म्हणजे करवतीने दिलेला एक छोटा काप समजा. त्यातलाच एक उघडला.

सुताराची_पेन्सिल

पट्टीतच काही दोष असेल असं नाही का वाटत? मी बऱ्याच पट्ट्या अशा वाकवून सरळ केल्यात, कधी तुटल्या नाहीत.

ऐरण

तुमच्या पट्ट्या कुठल्या टेंपरच्या होत्या, त्यावर ते आहे. ५०५२-एच३२ सारखा (मॅग्नेशियम घातलेला, लाटून घट्ट केलेला) पत्रा असेल तर सहज निभावतो. टी६ ला मी घडी घालायचीच झाली तर आतली त्रिज्या जाडीच्या तिप्पट तरी ठेवतो. इथे ९ मिमी धरली तर वरचाच हिशेब १४ टक्क्यांवर येतो. शिवाय लाटताना पत्र्याला एक दिशा मिळते, लाकडाला रेषा असतात तशी. घडी त्या रेषांना आडवी घेतली तर धातू जास्त सोसतो, समांतर घेतली तर लवकर चिरतो. सुतारकाम करणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

आलेख

ऐरण यांचा प्रतिसाद फार चांगला आहे. थोडं आतलं सांगतो, कारण 'मऊ' आणि 'कडक' म्हणजे नेमकं काय, हे कळलं की बाकीचं आपोआप बसत जातं.

अ‍ॅल्युमिनियमचे अणू घनाच्या आठ कोपऱ्यांवर आणि सहा बाजूंच्या मध्यावर बसलेले असतात. या रचनेत अणूंचे अगदी दाट रचलेले थर तयार होतात. चार वेगवेगळ्या कलांचे असे थर आणि प्रत्येकात सरकायच्या तीन दिशा, म्हणजे सरकायचे एकूण १२ मार्ग. पत्त्यांचा जोड हाताने तिरका सरकवावा तसा स्फटिक या थरांवरून सरकतो. आपण बाहेरून 'वाकला' म्हणतो तेव्हा आत हेच झालेलं असतं. जी. आय. टेलर आणि कॉन्स्टन्स एलॅम यांनी १९२३ मध्ये अ‍ॅल्युमिनियमचा एकच अखंड स्फटिक ताणून, त्यावरच्या खुणा मोजून हे सरकणं दाखवून दिलं.

पण अख्खा थर एका दमात सरकवायचा तर प्रत्यक्षात लागतो त्याच्या कितीतरी पट जोर लागायला हवा. हे कोडं १९३४ मध्ये सुटलं. टेलर, ओरोवान आणि पोलान्यी या तिघांनी स्वतंत्रपणे एकच कल्पना मांडली: थरात एक चुकलेली ओळ असते आणि ती पुढे पुढे जाते. मोठी सतरंजी सरकवायची असेल तर आपण ती ओढत नाही, एका टोकाला सुरकुती करून ती पलीकडे ढकलत नेतो. ती सुरकुती म्हणजे डिसलोकेशन.

मऊ धातूत या सुरकुत्या मोकळ्या फिरतात. वाकवत गेलं की त्यांची संख्या वाढते, त्या एकमेकींत अडकतात आणि धातू घट्ट होतो. मऊ केलेल्या धातूच्या एका चौरस सेंटिमीटरमधून साधारण दहा लाख ते दहा कोटी डिसलोकेशन जातात. भरपूर ठोकलेल्या धातूत हा आकडा लाख कोटींपर्यंत पोचतो. मोजपट्टी, तुमच्या मऊ पट्टीची घडी पाचव्या-सहाव्या वेळेला हाताला जड लागली असेल. आठवून बघा.

मोजपट्टी

हो! शेवटी तर घडी तिथल्या तिथे उघडेना, तिच्या शेजारचा भाग वाकायला लागला. मला वाटलं माझाच हात चुकतोय.

आलेख

हात बरोबर होता. घडीतला धातू शेजाऱ्यापेक्षा घट्ट झाला, म्हणून शेजारी आधी वाकला. टी६ मध्ये असं फारसं होत नाही. ती आधीच कडक, आणखी घट्ट व्हायला तिच्यात वाव कमी. त्यामुळे सगळं वाकणं एकाच जागी गोळा होतं आणि ती जागा संपते.

टी६ कडक कशाने होते, हेही सांगतो, कारण या शोधाची गोष्ट मला फार आवडते. लोखंडाला पाणी देतात तसं अ‍ॅल्युमिनियमला देता येईल का, हे आल्फ्रेड विल्म जर्मनीत तपासत होते. साल १९०६. तांबं आणि थोडं मॅग्नेशियम घातलेलं अ‍ॅल्युमिनियम तापवून पाण्यात विझवलं, तर ते मऊच. आठवड्याच्या सुट्टीनंतर तोच नमुना परत मोजला आणि तो बराच कडक झालेला. मधल्या वेळात त्याला कुणी हातही लावला नव्हता.

विझवल्यावर तांब्याचे अणू अ‍ॅल्युमिनियममध्ये विखुरलेले, अडकून राहतात. मग ते हळूहळू एकमेकांकडे सरकून अगदी बारीक पुंजके करतात आणि डिसलोकेशनची वाट अडवतात. हे पुंजके साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसत नाहीत. १९३८ मध्ये गिनिए आणि प्रेस्टन यांनी, दोघांनी वेगवेगळं काम करून, क्ष-किरणांच्या साहाय्याने त्यांचा माग काढला. म्हणजे मधली जवळजवळ तीस वर्षं लोक हा धातू वापरत होते, त्यापासून विमानं बांधत होते, आणि तो कडक का होतो हे कुणी पाहिलेलं नव्हतं. ६०६१ मध्ये तांब्याऐवजी हे काम मुख्यतः मॅग्नेशियम आणि सिलिकॉन मिळून करतात. सुमारे ५३० अंशांना तापवायचं, पाण्यात विझवायचं आणि मग १६० ते १७५ अंशांना काही तास ठेवायचं. ती टी६.

पायडल

वाचतोय, छान चाललंय. मोजपट्टींच्या तिसऱ्या प्रश्नावर माझं मत: टी६ कमी लवेलच ना? पाचपट ताकद आहे. सायकलच्या फ्रेमबाबतही मी हेच ऐकत आलोय की भारी ग्रेडची फ्रेम 'ताठ' असते.

ऐरण

नाही. हा गैरसमज मी इतक्या ठिकाणी पाहिलाय की यावर जरा थांबतो.

लवणं आणि वाकून राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वजन काढल्यावर पट्टी परत जागेवर आली तर ते लवणं. ते किती होणार हे अणूंमधली ओढ ठरवते. ती ओढ पट्टी मऊ असो की कडक, जवळपास तीच राहते, कारण अणू तेच असतात. यंग मापांक, म्हणजे धातूच्या ताठपणाचं माप, सगळ्या नेहमीच्या अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातूंचा ७० गिगापास्कलच्या आसपास असतो, स्टीलचा २०० च्या आसपास. त्यामुळे त्याच मापाची, त्याच वजनाखालची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी स्टीलच्या जवळजवळ तिप्पट लवणार, मग ती कुठल्याही ग्रेडची असो. ग्रेडने बदलतं ते एवढंच की किती वजनापर्यंत ती परत जागेवर येईल.

मोजपट्टी, माझ्यावर विश्वास ठेवू नका, करून बघा. दोन्ही पट्ट्या ३०० मिमी बाहेर ठेवून घट्ट पकडा, टोकाला ३०० ग्रॅम लटकवा आणि टोक किती खाली जातं ते मोजा. माझ्या हिशेबाने दोन्ही सुमारे ७ मिमी लवतील. मग १ किलो लावा. मग पट्टी आडवीची उभी करून परत ३०० ग्रॅम लावा.

ठिणगी

तोपर्यंत वेल्डिंगबद्दल लिहितो, कारण तुटलेली पट्टी जोडून टाकू असा विचार धागाकर्त्यांच्या मनात येईलच. टी६ ची सगळी ताकद त्या बारीक पुंजक्यांत आहे आणि वेल्डच्या उष्णतेने तेच बिघडतात. ६०६१-टी६ मुळात ३१० मेगापास्कलला तुटते. वेल्डच्या आसपास डिझाइनला १६५ धरतात. दोन्ही बाजूंना साधारण २५ मिमीचा पट्टा असा कमजोर मानायचा. जोड कितीही देखणा झाला तरी हे चुकत नाही. म्हणून मी जोड कायम अशा जागी घेतो जिथे वाकवणारा जोर कमी येतो. कोपऱ्यात वेल्ड दिसला की मला स्वस्थ बसवत नाही.

फळा_खडू

शिकवताना मी शीतपेयाचा रिकामा कॅन वापरते, तो प्रयोग इथे शोभेल. कॅनची भिंत मधोमध मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकी, म्हणजे जवळपास कागदाएवढी. तरी कुठेही पोचा नसलेला रिकामा कॅन सपाट जमिनीवर उभा ठेवून त्यावर हळूच एका पायावर उभं राहिलं, तर तो मोठ्या माणसाचं वजन पेलू शकतो. मग दुसऱ्याने दोन्ही बाजूंनी पेन्सिलने एकाच वेळी हलकीशी टिचकी मारायची. कॅन क्षणात चपटा. बोटं आत राहणार नाहीत याची काळजी घ्यायची आणि आधाराला कठडा धरायचा.

इथे धातूची ताकद संपलेली नसते. पातळ भिंत सरळ असते तोवर वजन सगळीकडून खाली उतरतं. जरा आत दबली की वजन तिला आणखी आत ढकलतं, आणि मग ते थांबत नाही. चपटा झालेला कॅन उघडून त्याच्या घड्या बघा. घड्यांच्या मधले तुकडे सपाट, चकचकीत राहिलेले असतात. सगळी विकृती त्या रेषांतच उतरलेली असते. मुलं ते वळवून वळवून बघत राहतात.

भरलेला कॅन मात्र आतल्या वायूच्या दाबाने ताणलेला असतो. त्याची भिंत आत वळायला तयारच नसते. म्हणून इतक्या पातळ भिंतीचे कॅन एकावर एक रचून नेता येतात.

मोजपट्टी

प्रयोग केला. व्हाइसला पट्टी, शेजारी उभी मोजपट्टी, टोकाला वाळूची पिशवी.

३०० ग्रॅम: टी६ पट्टी ७ मिमी, मऊ पट्टी ७ मिमी. दोनदा केलं. फरक असलाच तर मला दिसला नाही. खरं सांगतो, मोजत असतानाही मला वाटत होतं की मऊ जास्त लवेल.

१ किलो: टी६ सुमारे २३ मिमी खाली गेली, पिशवी काढली तशी जागेवर. मऊ पट्टी मात्र पकडीजवळून खाली खाली जात राहिली. पिशवी काढली तरी तशीच वाकलेली.

पट्टी उभी धरून ३०० ग्रॅम: टोक हललेलं मला मोजताच आलं नाही.

आलेख

सुंदर. त्या उभ्या पट्टीचा हिशेब असा: ताठपणा वाकण्याच्या दिशेतल्या खोलीच्या घनाने वाढतो. आडवी असताना ती खोली ३ मिमी, उभी असताना २५. रुंदी-जाडीची अदलाबदल धरून उभी पट्टी सुमारे ६९ पट ताठ. ७ मिमीचे ०.१ मिमी झाले, ते डोळ्याला कुठून दिसणार?

अ‍ॅल्युमिनियमचा सगळा फायदा इथेच आहे. ते तीनपट कमी ताठ आणि वजनाने सुद्धा जवळपास तीनपट हलकं, घनता २.७, स्टीलची ७.८५. नुसती जाडी ४४ टक्के वाढवली की सपाट पट्टी स्टीलइतकी ताठ होते आणि तरी वजन निम्मंच भरतं. पायडल, तुमच्या सायकलच्या अ‍ॅल्युमिनियम फ्रेमच्या नळ्या स्टीलच्या फ्रेमपेक्षा जाडजूड दिसतात त्या यामुळे. त्या फ्रेमचा ताठपणा नळीच्या व्यासातून येतो.

पायडल

पटलं. मग एक अनुभव सांगतो, कारण तो मला आजवर नीट समजलेला नाही. माझ्या सायकलचा अ‍ॅल्युमिनियमचा क्रँक (पायडल ज्याला बसवतात तो दांडा) एका चढावर उभं राहून पायडल मारताना तुटला. आधी कधी आपटला नव्हता, वाकला नव्हता. त्या दिवशी जोरही नेहमीचाच होता. तुकडा अजून जपून ठेवलाय. तुटलेल्या पृष्ठभागाचा अर्ध्याहून मोठा भाग गुळगुळीत, काळपट आहे आणि त्यावर शिंपल्यावर असतात तशा कमानदार रेघा आहेत. उरलेला भाग खरखरीत, चंदेरी.

ऐरण

तुकडा ठेवलात हे फार बरं केलंत. त्या पृष्ठभागावर सगळा इतिहास लिहिलेला आहे. कमानी जिथून सुरू होतात तो बिंदू शोधा, बहुतेक पायडलच्या भोकाच्या कडेला किंवा एखाद्या ओरखड्यावर सापडेल. तिथे चीर पडली. मग प्रत्येक दाबागणिक ती थोडी थोडी वाढत गेली. गुळगुळीत भाग हा चिरेच्या दोन भिंती एकमेकींवर घासून झालेला, म्हणून काळपट. तो भाग तुटून बराच काळ झाला होता, आणि तुम्ही त्याच क्रँकवर सायकल चालवत होता. खरखरीत भाग तेवढा त्या दिवसाचा.

याला धातूचा थकवा म्हणतात. एका वेळचा जोर कायमचं वाकवण्याच्या पातळीच्या बराच खाली असला, तरी लाखो वेळा आला की तुटतं.

सुताराची_पेन्सिल

म्हणजे स्टीलला थकव्याची एक मर्यादा असते, त्याखाली ते कधीच तुटत नाही, आणि अ‍ॅल्युमिनियमला तशी मर्यादाच नाही म्हणून ते कधी ना कधी तुटणारच, असं म्हणतात ते खरं?

आलेख

पूर्वार्ध बराचसा बरोबर, उत्तरार्धाने उगाच भीती बसते. किती जोराला किती फेऱ्यांनी तुटतं, याचा साध्या स्टीलचा आलेख एका पातळीला येऊन आडवा होतो. अ‍ॅल्युमिनियमचा अगदी हळूहळू उतरत राहतो. त्यामुळे 'इतक्या फेऱ्यांना इतका जोर' असंच बोलावं लागतं. रूढ आकडा ५० कोटी फेऱ्यांचा. ६०६१-टी६ साठी तो ९७ मेगापास्कलच्या आसपास आहे, म्हणजे वाकण्याच्या पातळीच्या जेमतेम एक-तृतीयांश. आणि हा गुळगुळीत घासलेल्या नमुन्याचा आकडा. भोक, आटे, ओरखडा, टोकदार कोपरा आला की तो आणखी खाली येतो. पण दिवसाला हजार वेळा जोर येणाऱ्या वस्तूला ५० कोटी फेऱ्या पुऱ्या करायला हजार वर्षांहून जास्त लागतील. जोर कमी ठेवला आणि कोपरे गोल ठेवले तर अ‍ॅल्युमिनियम माणसापेक्षा जास्त टिकतं.

काळजी घ्यायची ती जिथे जोर मोठा आणि वारंवार येतो तिथे. १९५४ मध्ये कॉमेट जातीची दोन प्रवासी जेट विमानं भूमध्य समुद्रावर हवेतच फुटली, पहिलं १० जानेवारीला एल्बा बेटाजवळ, दुसरं ८ एप्रिलला नेपल्सच्या परिसरात. इंग्लंडमध्ये फार्नबरोला त्याच जातीच्या एका विमानाचं अख्खं धड पाण्याच्या टाकीत ठेवून, पाण्याच्या दाबाने पुन्हा पुन्हा फुगवून बघितलं. ते एका खिडकीवजा भोकाच्या कोपऱ्यापाशी फाटलं. प्रत्येक उड्डाणात केबिनचा दाब एकदा वाढायचा, एकदा उतरायचा आणि कोपऱ्यातली चीर पुढे सरकायची. २८ एप्रिल १९८८ ला अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ चं पुढचं छप्पर उडालं. त्या विमानाची ८९,६८० उड्डाणं झाली होती आणि रिव्हेटच्या ओळीत भोकाभोकाला बारीक चिरा होत्या. एकेक चीर अगदी लहान, पण सगळ्या एकाच ओळीत होत्या. एका हवाई सेविकेचा त्यात जीव गेला.

पायडल

भिंग लावलं. कमानी खरंच पायडलच्या भोकाच्या कडेला जमतात, वॉशर टेकतो तिथे. दुसऱ्या बाजूचा क्रँक आजच काढून पुसून बघतो.

फळा_खडू

जरूर बघा. पुसल्यावर उजेड तिरका पाडा. समोरून पडलेल्या उजेडात केसाएवढी चीर दिसत नाही.

मोजपट्टी

एक विचारायचं राहिलं. टी६ ची उरलेली पट्टी गॅसच्या टॉर्चने मऊ करून वाकवली तर? किती तापवायचं हे कळणार कसं? लोखंड लाल होतं, हे होतच नाही.

ठिणगी

लाल व्हायची वाट बघू नका, ते हातचं जाईल. अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं आणि मिश्रधातू त्याआधीच ढासळायला लागतो. उजेडात त्याचा रंग शेवटपर्यंत बदलत नाही. आता आहे, आता नाही, असं होतं.

पत्र्याचं काम करणारे साबण वापरतात. अंगाच्या साबणाची कोरडी वडी घडीच्या जागेवर घासायची, पांढरट रेघ उमटेल. टॉर्च दुरून, सतत हलता ठेवायचा आणि शक्यतो मागच्या बाजूने. रेघ आधी पिवळसर, मग तपकिरी, मग काळी पडते. काळी पडली की टॉर्च बाजूला. हवेतच गार होऊ द्या.

भट्टीत ६०६१ पूर्ण मऊ करायला ४१५ अंशांच्या आसपास दोन-तीन तास आणि मग सावकाश गार करणं लागतं. टॉर्चने तेवढं होत नाही, पण घडी घालण्यापुरतं होतं. एक लक्षात असू द्या, तो भाग नंतर टी६ राहत नाही. तिथे वजन येणार असेल तर हा मार्ग नको.

ऐरण

ठिणगी यांना पूर्ण अनुमोदन. भार घेणाऱ्या हाताला घडी हवीच असेल तर ५०५२-एच३२ घ्या. ते तापवून कडक केलेलं नसतं, लाटून घट्ट केलेलं असतं, आणि घडी चांगली घेतं.

घडी घालताना थोडं पुढे न्यायची तयारी ठेवा. हातोडा थांबला की पट्टी थोडी मागे उघडते. मागे येणं हे वाकायला लागलेला जोर भागिले ताठपणा अशा हिशेबाने चालतं. अ‍ॅल्युमिनियमचा ताठपणा कमी, म्हणून तेवढ्याच ताकदीच्या स्टीलपेक्षा ते तिप्पट उघडतं. टी६ मध्ये १० मिमी त्रिज्येला काटकोन घातलात तर तीन-चार अंश मागे येईल, मऊ पट्टी एखादाच अंश.

आणि स्टीलचा स्क्रू अ‍ॅल्युमिनियमच्या आट्यांत बसवणार असाल तर व्यासाच्या दीडपट ते दुप्पट खोली द्या. वारंवार काढ-घाल होणार असेल तर आट्यांत स्टीलची गुंडाळी बसवून घ्या. नाहीतर आटे जातील आणि स्क्रू जसाच्या तसा राहील.

सुताराची_पेन्सिल

५०५२ वरून आठवलं. तो पत्रा ताणताना त्यावर तिरके पट्टे उमटलेले पाहिलेत, पाण्याचे ओघळ वाळल्यासारखे. घाण असेल म्हणून घासले, जाईनात.

आलेख

घाण नव्हे ती. मॅग्नेशियमचे विरघळलेले अणू डिसलोकेशनपाशी येऊन तिला धरून ठेवतात. जोर वाढला की ती सुटते, जरा पुढे जाते, अणू तिला परत गाठतात. त्यामुळे पत्रा एकसारखा न ताणता हिसक्या-हिसक्याने, पट्ट्या-पट्ट्यांत ताणला जातो. पोर्तव्हँ आणि ल शातेलिए या फ्रेंच संशोधकांची नावं या परिणामाला आहेत. ताकदीला यातून मोठा धोका नाही, पण दर्शनी भागाला असा पत्रा चालत नाही. मोटारींच्या बाहेरच्या भागांना म्हणूनच बहुधा ६००० मालिकेचा, म्हणजे ६०६१ च्या कुटुंबातला, पत्रा वापरतात.

मोजपट्टी

आज काम पूर्ण केलं, ते सांगून जातो.

हाताचा मुख्य भाग आता ६०६१-टी६ चाच, पण पट्टी उभी ठेवलीय आणि तिला घडीच घातलेली नाही. काटकोनासाठी ५०५२-एच३२ चा वेगळा तुकडा केला. व्हाइसच्या जबड्यावर १० मिमी त्रिज्येची लाकडी पट्टी बसवून, रेषांना आडवी घडी घेतली. ९३ अंशांपर्यंत नेली, उघडून ९० वर थांबली. बाहेरचं अंग भिंगातून पाहिलं, रेघ नाही. आत चुण्या नाहीत. दोन्ही तुकडे रिव्हेटने जोडले, भोकांच्या कडा कानशीने मोडल्या.

टी६ च्या उरलेल्या तुकड्यावर साबणाचा प्रयोगही केला. काळी रेघ आली तिथे पट्टी ४ मिमी त्रिज्येत वाकवली आणि सरळ केली. तुटली नाही. परत वाकवली, परत सरळ केली. तिसऱ्यांदा सरळ करताना आतल्या अंगाला पहिली चीर दिसली.

फाइंडर लावून टोक मोजलं. लवणं अर्धा मिमीच्या आत आहे. आकाश निवळलं की बघतो.

ऐरण

रिव्हेट आणि घडी यांच्यात अंतर किती ठेवलंत?

मोजपट्टी

घडीची गोलाई संपते तिथून १२ मिमी.

ऐरण

मग चिंता नाही.